न्यायालयाच्या दारावर कोणाचे नाव?

इमारतीला नाव देणे हे सार्वजनिक जीवनातील सर्वांत स्वस्त पुण्यकर्म होय. संगमरवरी फलक बसतो, फीत कापली जाते, चार वक्ते बोलतात, चहापान होते आणि मंडळी घरोघर परततात. त्यानंतर ते नाव हळूहळू पत्त्याचा भाग होऊन जाते. मोठी माणसे रोज त्याखालून जातात, पण ते वाचत नाहीत. मुले मात्र वाचतात. शाळेतून परतताना एखादे मूल आईचा हात ओढून विचारते, "हे कोण गं?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना, आपल्या गावाने कोणती गोष्ट थोर मानली आहे, ते आईला सांगावे लागते. पाणपोईच्या किंवा उद्यानाच्या नावाने फारसे बिघडत नाही. न्यायालयाचे तसे नाही. न्याय कशाला म्हणावे याची गावाने लिहून ठेवलेली व्याख्याच न्यायालयाच्या दारावर असते. आमचे भांडण अशाच एका व्याख्येशी आहे.

अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या अगदी पश्चिम कडेला, आर्कान्सा नदीच्या काठी, फोर्ट स्मिथ नावाचे छोटे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या नव्वद हजारांच्या आत होती. तेथे १९३७ साली बांधलेली केंद्र सरकारची एक इमारत आहे आणि तीत केंद्रीय न्यायालय भरते. त्या इमारतीला न्यायाधीश आयझॅक पार्कर यांचे नाव दिलेले आहे. पार्कर त्या इमारतीत कधी बसले नाहीत. ती उभी राहण्याच्या चाळीस वर्षे आधीच ते निवर्तले होते. तरीही दारावर नाव त्यांचे आहे, कारण फोर्ट स्मिथ म्हटले की पार्कर आणि पार्कर म्हटले की फाशी, असे समीकरण तिकडे शतकभर रूढ झालेले आहे. 'फाशी देणारा न्यायाधीश' हीच त्यांची जनमानसातील ओळख आहे.

सातासमुद्रापलीकडच्या त्या गावाशी आपला संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो आम्ही पुढे दाखवणार आहोत. आधी पार्कर कोण होते ते नीट सांगितले पाहिजे. ज्याच्यावर टीका करायची त्याची बाजू न मांडणे हाही अन्यायच, आणि न्यायाविषयी बोलणाऱ्याला तो शोभणारा नाही.

पार्कर यांचा जन्म १८३८ साली ओहायो राज्यात झाला. पुढे त्यांनी मिझुरी राज्यात वकिली केली आणि १८७१ ते १८७५ या काळात ते अमेरिकी संसदेचे सदस्य होते. १८७५ साली राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्यांना फोर्ट स्मिथला न्यायाधीश म्हणून पाठविले. त्यांचे वय तेव्हा अवघे छत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या आधीचा न्यायाधीश भ्रष्टाचाराच्या आरोपांमुळे पायउतार झाला होता. पार्कर यांच्या अधिकारक्षेत्रात आर्कान्साच्या पश्चिम भागाबरोबरच नदीपलीकडचा अफाट मूळनिवासी प्रदेशही होता, म्हणजे आजचे ओक्लाहोमा राज्य. चेरोकी, चॉक्टॉ, क्रीक, चिकासॉ, सेमिनोल अशा राष्ट्रांची स्वतःची न्यायालये तेथे होती, परंतु बाहेरून आलेल्या गोऱ्या गुन्हेगारांवर त्या न्यायालयांची सत्ता चालत नसे. साहजिकच चारी बाजूंचे खुनी, दरोडेखोर आणि घोडेचोर त्या प्रदेशात आसरा घेत. त्यांना पकडून आणण्याच्या कामी पार्कर यांच्या न्यायालयाचे साठांहून अधिक अंमलदार प्राणास मुकले.

अशा ठिकाणी पार्कर एकवीस वर्षे बसले. लाच त्यांनी घेतली नाही. आठवड्याचे सहा दिवस, सकाळपासून काळोख पडेपर्यंत ते काम करीत. गावातील शाळांच्या कामी त्यांनी हातभार लावला. मूळनिवासींच्या जमिनी गिळू पाहणाऱ्यांविरुद्ध ते बोलले, आणि त्या काळी असे बोलणारे गोरे अधिकारी थोडे होते. त्यांच्या पत्नी मेरी ओटूल या तर आपल्याच कॅथलिक श्रद्धेच्या होत्या. हे सारे आम्ही मान्य करतो, आणि पुढे जे म्हणणार आहोत ते हे मान्य करूनच म्हणणार आहोत.

आता दुसरी बाजू. १८७५ ते १८९६ या काळात पार्कर यांनी १६० जणांना मृत्युदंड सुनावला आणि त्यांपैकी ७९ जण प्रत्यक्षात फासावर गेले. पहिली फाशी ३ सप्टेंबर १८७५ रोजी झाली. त्या दिवशी एकाच तक्तपोशीवर, एकाच क्षणी, सहा माणसे लोंबकळली. तिघे गोरे, दोघे मूळनिवासी आणि एक कृष्णवर्णीय होता. ते पाहण्यासाठी आसपासच्या मुलखातून हजारो माणसे जमली होती. बापांनी मुले आणली होती. जॉर्ज मॅलेडन नावाचा जल्लाद आपले दोर स्वतः निवडून, तेल लावून तयार ठेवीत असे आणि पुढे ते दोर दाखवीत तो गावोगाव हिंडला. न्यायालयाखालच्या तळघरातच तुरुंग होता. तो इतका कोंदट आणि घाणेरडा होता की १८८० च्या दशकात त्याचे वर्णन छापून आल्यावर देशभर बोभाटा झाला आणि १८८८ साली नवा तुरुंग बांधावा लागला.

पार्कर यांचे समर्थक येथे म्हणतात की न्यायाधीशाने काय करावे? कायदाच तसा होता. खून किंवा बलात्कार सिद्ध झाला की त्या काळच्या केंद्रीय कायद्यात मृत्युदंडावाचून दुसरी शिक्षाच नव्हती. पार्कर स्वतःही, मी कोणाला फाशी दिली नाही, कायद्याने दिली, असे म्हणत असत, असे सांगतात. हा युक्तिवाद वजनदार आहे. पण तो ऐकताना आम्हांला, पाण्याचे भांडे मागवून हात धुणाऱ्या एका प्रांताधिकाऱ्याची आठवण होते.

शिक्षा ठरवणे पार्कर यांच्या हाती नव्हते, हे खरे. परंतु पंचांना कायदा समजावून सांगणे त्यांच्याच हाती होते, आणि घोटाळा झाला तो तेथे. पार्कर यांच्या कारकिर्दीची पहिली चौदा वर्षे त्यांच्या न्यायालयाने दिलेल्या मृत्युदंडावर कोठेही अपील करण्याची सोय नव्हती. राष्ट्राध्यक्षांकडे दयेचा अर्ज करावा, एवढीच वाट उघडी होती. १८८९ साली संसदेने कायदा बदलला आणि देहदंडाची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात नेता येऊ लागली. मग काय दिसले? जी प्रकरणे वर गेली त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने पार्कर यांच्या न्यायालयाचा निकाल फिरविला. अनेक प्रकरणांत कारण हेच होते की न्यायाधीशांनी पंचांसमोर केलेले निवेदन आरोपीच्या विरुद्ध झुकलेले होते. स्वसंरक्षण म्हणजे काय, पळून जाणे हा गुन्ह्याचा पुरावा कितपत मानावा, या गोष्टी ते अशा आवेशाने सांगत की आरोपीच्या वकिलाचे म्हणणे पंचांच्या कानांपर्यंत पोचतच नसे. हेन्री स्टार नावाच्या आरोपीला त्या न्यायालयात दोनदा मृत्युदंड झाला आणि दोन्ही वेळा सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून एक साधा हिशेब मनाशी मांडावा. अपिलाची वाट उघडल्यावर जर इतके निकाल टिकले नाहीत, तर ती वाट बंद असतानाच्या चौदा वर्षांत जे फासावर गेले त्यांतील किती जणांचे निकाल टिकले असते? हा प्रश्न आता कोणत्याही न्यायालयात विचारता येत नाही. ज्यांनी तो विचारावा ती माणसे मातीखाली आहेत. तुरुंगातील माणसाला उशिरा का होईना, "चूक झाली, घरी जा," असे म्हणता येते. फासावर गेलेल्याला काय म्हणणार?

त्याहूनही विलक्षण गोष्ट पुढे आहे. १८९६ साली पार्कर आजारी पडले. सप्टेंबर महिन्यात मूळनिवासी प्रदेशावरचा त्यांच्या न्यायालयाचा अधिकार संसदेने काढून घेतला आणि नोव्हेंबरात ते वारले. त्या शेवटच्या आजारपणात एका वृत्तपत्राची महिला वार्ताहर त्यांना भेटावयास गेली. तिच्याशी बोलताना पार्कर यांनी सांगितले की, शिक्षा निश्चित होणार अशी खात्री असेल तर मृत्युदंड रद्द करण्यास आपण अनुकूल आहोत. गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या खात्रीने. क्रौर्याने नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. एकवीस वर्षे त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने मृत्युशय्येवर हे बोलावे, याला आम्ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा निवाडा समजतो.

या निवाड्यास गावाने कोणता मान दिला? पार्कर यांच्या निधनानंतर, १८९७ साली, गावानेच तो जुना वधस्तंभ पाडून जाळून टाकला. त्या पिढीने तो डोळ्यांनी पाहिला होता; तो नजरेसमोरून जावा असे तिला वाटले असावे. पुढे विसाव्या शतकात पर्यटनाचे दिवस आले, आणि त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी वधस्तंभाची प्रतिकृती पुन्हा उभी केली. आज ती तेथील राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाच्या आवारात, पांढऱ्या रंगात, उन्हात उभी आहे. तेथून चालत काही मिनिटांवर पार्कर यांच्या नावाची न्यायालयाची इमारत आहे. कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी त्या दोरखंडाला आणखी झळाळी आणली. आजारी न्यायाधीशाचे अखेरचे शब्द मात्र ना दारावर लागले, ना लोकांच्या ओठांवर राहिले. गावाने पार्कर यांचा गौरव केला असे म्हणतात. आमच्या मते गावाने त्यांच्या नावाआड स्वतःच्या जुन्या करमणुकीचा गौरव केला.

आणखी एक विचार करावा. ती इमारत म्हणजे संग्रहालय नव्हे. तेथे आजही खटले चालतात. ज्याचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही, ज्याला कायदा निर्दोष समजतो, असा आरोपी हातांत बेड्या घालून त्या दारातून आत नेला जातो, आणि दारावर नाव असते ते फाशीसाठी प्रसिद्ध झालेल्या न्यायाधीशाचे. न्यायदेवतेच्या हातातील तराजू त्याला आत गेल्यावर दिसेल, पण बाहेरच त्याला दोर दिसलेला असतो. इमारत कोणाची आहे हे आरोपीला न सांगताच समजते.

आता आपल्या घरी परतू. आपल्याकडे न्यायाधीश म्हटले की पहिले नाव येते रामशास्त्री प्रभुणे यांचे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे हे ब्राह्मण पेशव्यांच्या दरबारी न्यायाधीश झाले. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर, सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांना त्यांनी तोंडावर सांगितले की या पापाला देहान्त प्रायश्चित्तच आहे. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येक मुलाला ही कथा ठाऊक आहे. म्हणजे आमचाही आदर्श न्यायाधीश मृत्युदंडच उच्चारता झाला, असे कोणी म्हणेल. पण नीट पाहा. रघुनाथराव फासावर गेले नाहीत. पुढे ते आपल्या मरणानेच मेले. रामशास्त्र्यांच्या शब्दाने एकाही माणसाची मान आवळली गेली नाही. तरीही अडीचशे वर्षे आपण त्यांना विसरलो नाही. का? शिक्षा कोणती सांगितली यामुळे नव्हे, तर ती कोणाला सांगितली यामुळे. समोरचा माणूस राज्याचा धनी होता. एका शब्दाने तो शास्त्र्यांचा जीव घेऊ शकत होता. शास्त्रीबुवांनी तो शब्द उच्चारला, पद सोडले आणि पुणेही सोडले. न्यायाधीशाची थोरवी खाली चिरडण्यात नाही, वर मान करून बोलण्यात आहे, हे मराठी माणसाला कोणी शिकवावे लागू नये.

असा वारसा असतानाही आपण काय करतो? ६ डिसेंबर २०१९ रोजी पहाटे हैदराबादजवळ, एका तरुण पशुवैद्य भगिनीवरील अत्याचार आणि हत्येच्या आरोपावरून पकडलेल्या चौघांना पोलिसांनी गोळ्या घालून ठार केले. खटला उभा राहिला नव्हता, पुरावा तपासला गेला नव्हता. दिवस उजाडल्यावर लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या आणि पेढे वाटले. त्या आनंदात देशभरची माणसे सामील झाली, आपल्या धर्मग्रामांतली माणसेही सामील झाली. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात "बरे झाले, असेच पाहिजे," असे म्हणणारे आवाज आम्ही आमच्या कानांनी ऐकले आहेत. खोटे कशाला बोला, त्या दिवशी आमच्याही मनाच्या एका कोपऱ्यात क्षणभर समाधान वाटून गेले होते. म्हणूनच हे लिहीत आहोत.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने चौकशी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष होते निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर, आपल्या महाराष्ट्राचेच. २०२२ साली आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. पोलिसांनी सांगितलेली चकमकीची हकीकत विश्वासार्ह नाही, मारल्या गेलेल्या चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवला जावा, असे त्यात म्हटले होते. त्या अहवालावरील कारवाईचा वाद नंतर उच्च न्यायालयात गेला. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. लोकमताच्या त्या लाटेपुढे एक मराठी न्यायमूर्ती मान न झुकवता उभे राहिले. त्यांच्यावर कोणी पाकळ्या उधळल्या नाहीत. त्यांचे नाव एखाद्या न्यायालयाच्या दारावर लावावे असा ठराव कोठे झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दुसरे उदाहरण तर आपल्या अंगणातलेच आहे. २००३ साली महाराष्ट्रात एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. त्या गुन्ह्याबद्दल भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला. उच्च न्यायालयाने तिघांचा कायम केला व तिघांचा जन्मठेपेत बदलला. २००९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या सहांनाही फासावर देण्याचा हुकूम केला. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच सर्वोच्च न्यायालयाने त्या सहाही जणांना निर्दोष सोडले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते, आणि ती गोष्ट खटल्यात दडवली गेली होती. सोळा वर्षे ती माणसे तुरुंगात कुजली. सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. सुक्याबरोबर ओलेही जळते अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे सारेच ओले होते, आणि सुके कोठे गेले ते कोणी शोधले नाही. मधल्या दहा वर्षांत कोणी घाई केली असती, तर आज ते पाच लाख घ्यायला हातच राहिले नसते.

पार्कर यांच्या आर्कान्सात अशी घाई झाली. एप्रिल २०१७ मध्ये त्या राज्याने आठ दिवसांत चौघांना देहदंड दिला. देहदंडासाठी वापरायच्या औषधाची मुदत महिनाअखेर संपत होती, एवढीच निकड. त्यांतील पहिला कैदी अखेरपर्यंत आपण निर्दोष असल्याचे सांगत होता. चार वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या तपासणीत, खुनासाठी वापरल्या गेलेल्या दांडक्यावर भलत्याच अनोळखी पुरुषाचे जनुकीय अंश आढळले. तो निर्दोष होता असे आम्ही म्हणत नाही. ते शोधण्याची वाट राज्याने स्वतःच्या हाताने बुजवली, एवढेच म्हणतो. ज्या मातीत फाशीच्या न्यायाधीशाचे नाव न्यायालयावर मिरवले जाते, त्या मातीत ही घाई उगवावी याचे आम्हांला नवल वाटत नाही.

येथे कोणी माता-पिता आम्हांला थांबवून विचारतील, आणि त्यांना तो अधिकार आहे: "तुमच्या लेकीवर असा प्रसंग आला असता, तर तुम्ही हेच लिहिले असते काय?" प्रामाणिक उत्तर असे की, कदाचित लिहिले नसते. कदाचित आम्हीही दोर मागितला असता. परंतु म्हणूनच तर समाजाने न्यायाधीश नेमला. ज्याचे काळीज जळते आहे त्याच्या हाती निकाल देऊ नये, हे माणसाला फार पूर्वी उमगले. दुःखी कुटुंबाचा आक्रोश पवित्र आहे; त्याच्याशी वाद घालण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण त्यांच्या दारात सांत्वनासाठी न जाता, चौकात उभे राहून त्यांच्या नावाने दोराची घोषणा देणाऱ्या गर्दीशी आमचा वाद आहे. त्या कुटुंबाला त्वरित आणि खरा तपास हवा, साक्षीदारांना संरक्षण हवे, वर्षानुवर्षे न लांबणारा खटला हवा. यांतले काहीच न देता आपण त्यांना एक प्रेत देतो आणि म्हणतो, झाला न्याय.

ख्रिस्तसभेची भूमिका या प्रश्नावर संदिग्ध राहिलेली नाही. पूर्वी ती मृत्युदंड मान्य करीत असे, हे लपवण्याचे कारण नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली आपल्या परिपत्रकात सांगितले की, समाजाच्या रक्षणासाठी मृत्युदंडावाचून गत्यंतर नाही असे प्रसंग आता अतिविरळ, जवळजवळ नाहीतच. जानेवारी १९९९ मध्ये ते सेंट लुइस येथे गेले असता मिझुरीच्या राज्यपालांना त्यांनी एका कैद्याच्या प्राणांची भीक मागितली. कैद्याने तिघांचे खून केले होते आणि त्याबद्दल शंका नव्हती. राज्यपाल स्वतः कॅथलिक नव्हते. तरीही त्यांनी शिक्षा जन्मठेपेत बदलली. हीच ती मिझुरी, जेथे तरुण पार्कर यांनी वकिली केली होती. पुढे २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातील परिच्छेदच बदलला: मृत्युदंड अग्राह्य आहे, कारण तो मानवाच्या अभंग प्रतिष्ठेवर घाला आहे. तेव्हा आपल्यापैकी जे "लटकवा" म्हणतात त्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे की ते ख्रिस्तसभेचा शब्द बोलत नाहीत. आणि ग्रंथ राहू द्या. आपल्या प्रत्येक घरातल्या वेदीवर, भिंतीवर, गळ्यातल्या साखळीत कोणाची प्रतिमा आहे? रीतसर खटला चालवून, गर्दीच्या मागणीवरून, दोन गुन्हेगारांच्या मध्ये देहदंड दिलेल्या माणसाची. तिच्यासमोर रोज मेणबत्ती लावणाऱ्यांनी गर्दीत सामील होताना दोनदा विचार करावा.

न्यायाधीशाचा सन्मान करू नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. सन्मानाला योग्य असे न्यायाधीश झाले आहेत. सिसिली बेटावरील कानिकात्ती या लहान गावातले रोझारिओ लिव्हातिनो पाहा. ३ ऑक्टोबर १९५२ चा त्यांचा जन्म. आई-वडिलांजवळ राहणारा, रोज चर्चमध्ये जाणारा, अबोल तरुण. माफियांचा पैसा आणि माफियांचे खून यांचा त्यांनी दहा वर्षे पिच्छा पुरवला. शरीररक्षक घेण्यास त्यांनी नकार दिला. आपल्यापायी आणखी कोणाची बायको विधवा होऊ नये असे त्यांना वाटे. एकदा शवागारात एका माफिया गुंडाचे प्रेत पाहून सहकारी अधिकारी खूश झाला, तेव्हा लिव्हातिनो यांनी त्याला टोकले की मृत्यूपुढे श्रद्धावंताने प्रार्थना करावी आणि श्रद्धा नसेल त्याने गप्प राहावे, असे सांगतात. २१ सप्टेंबर १९९० रोजी न्यायालयात जाताना भर रस्त्यात मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. ९ मे २०२१ रोजी ख्रिस्तसभेने त्यांना धन्य म्हणून घोषित केले. इटलीत शाळांना, रस्त्यांना, न्यायकक्षांना आज त्यांचे नाव आहे. तेथल्या मुलाने आईला "हे कोण?" असे विचारले, तर आईला खाली पाहावे लागत नाही. ती सांगते: गुन्हेगारांना हे भ्यायले नाहीत, आणि गुन्हेगार मेला तेव्हा हसलेही नाहीत.

फोर्ट स्मिथलाही दुसरी नावे नव्हती असे नाही. बास रीव्हस हे गुलामीत जन्मलेले कृष्णवर्णीय गृहस्थ १८७५ साली पार्कर यांच्याच न्यायालयाचे अंमलदार झाले. अक्षरओळख नसलेल्या या माणसाने तीस वर्षांहून अधिक काळ त्या प्रदेशात फिरून आरोपींना न्यायालयापुढे आणून उभे केले. २०१२ साली गावाने त्यांचा पुतळा उभारला, आणि हे चांगले केले. आरोपीला जिवंत न्यायालयापर्यंत पोचवणे यातच कायद्याचा अर्थ आहे. हैदराबादच्या त्या पहाटे नेमके तेच घडले नाही.

आमची मागणी मोठी नाही. पार्कर यांचे नाव खरवडून काढा असे आम्ही म्हणत नाही. इतिहास पुसल्याने शहाणपण येत नाही. पण ते नाव ठेवायचे असेल तर त्याखाली आजारी पार्कर यांचे अखेरचे मत ठळक अक्षरांत लिहावे, आणि फिरवलेल्या निकालांची संख्याही लिहावी, म्हणजे आत जाणाऱ्या न्यायाधीशाला ती रोज दिसेल. हे आपल्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. आपल्या हाती दुसरे आहे. पुढच्या वेळी देशात असा अघोर गुन्हा घडेल, आणि तो घडेलच, तेव्हा चौकातून, दूरदर्शन संचातून, भ्रमणध्वनीवरून "लटकवा"चा गजर सुरू होईल. त्या रविवारी मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थना म्हणताना बळी पडलेल्या व्यक्तीचे नाव घ्यावे, तिच्या आई-वडिलांसाठी प्रार्थना करावी, तपास करणाऱ्यांसाठी व न्यायाधीशांसाठी करावी, आणि शेवटी, आवाज कापला तरी, आरोपीसाठीही करावी. शेजारी बसलेले मूल नक्कीच विचारील, "त्याच्यासाठी का गं?" त्याला काय उत्तर द्यायचे, ते प्रत्येक घराने त्या दिवशी जेवायला बसण्यापूर्वी ठरवावे.